अख्खी गाठ

"म्हणजे साध्या चार भोकांत काम होत असताना वहिनीला मुद्दाम पोट फाडून घ्यायचंय," नणंद म्हणाली. वहिनी समोरच बसलेली होती, पण ती हे भावाला सांगत होती. "दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. मी पाचव्या दिवशी पार्लर उघडलं होतं. विचार तुझ्या बायकोला, तिनेच मला तिथे चहा आणून दिला होता."

"आठवतंय मला," काटाबाई म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही, वन्सं. तुमची गाठ मोसंबीएवढी होती. माझी नारळाएवढी आहे. सोललेल्या नव्हे, सालासकट."

"आकाराचं सोड," नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करायचा आणि घरातही कुठलीही गोष्ट डोळ्यांजवळ धरून, मग लांब धरून बघायची त्याला सवय होती. आत्ता तो स्कॅनचा कागद तसा बघत होता. "सर्जनबाई स्वतः म्हणाल्या, दुर्बिणीतून निघेल. मी होतो तिथे."

"किसून निघेल म्हणाल्या."

"किसून काय, कापून काय, गेली म्हणजे झालं. आपल्याला ती कपाटात ठेवायची आहे का?"

नणंद हसली. खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सासूने मांडीवरचा रेडिओ बारीक केला. तो बंद केला असता तर ती ऐकतेय हे सगळ्यांना कळलं असतं.

बुधवारपर्यंत सर्जनबाईंना कळवायचं होतं. दुर्बिणीचं ऑपरेशन असेल तर यादी वेगळी, पोट उघडायचं असेल तर वेगळी. आणि भांडण खरं तर गर्भाशयातल्या गाठीचं नव्हतंच. दुर्बिणीतून झालं तर काटाबाई दोन आठवड्यांत कामाला लागणार होती. पोट उघडलं तर सहा आठवडे तिने काहीही जड उचलायचं नव्हतं. आणि या घरात रोज चार वेळा जे उचलावं लागायचं, ते म्हणजे सासू.

काटाबाई हे तिचं नाव लॅबमधलं. मोठ्या इस्पितळाच्या तळघरात पॅथॉलॉजीचे दोन हॉल होते, त्यातल्या मागच्या हॉलमध्ये ती सत्तावीस वर्षं कापण्याच्या टेबलापाशी उभी होती. ऑपरेशन थिएटरमधून जे काही काढलं जाई ते बरणीत घालून, फॉर्मालिनमध्ये बुडवून खाली येई. बरणीवरचा नंबर चिठ्ठीशी ताडून बघायचा, आतला ऐवज बाहेर काढायचा, वजन करायचं, तीन बाजूंनी मोजायचा, कडांना रंग लावायचा, मग कापायचा. त्यातले बोटाच्या पेराएवढे तुकडे निवडून मेणात बसवायचे. त्याला ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचे. डॉक्टर मायक्रोस्कोपला डोळा लावून सांगत, साधी आहे की वाईट आहे.

वजन ती काट्यावर ठेवण्याआधी हातावर घेऊन सांगायची. सुरुवातीला एका नव्या डॉक्टरांनी तिची परीक्षा घेतली. एका दुपारी आठ गर्भाशयं. ती सांगायची, ते काट्यावर ठेवायचे. आठही वेळा फरक दहा ग्रॅमच्या आतला. तेव्हापासून काटाबाई.

पण तिला खरं कौतुक होतं ते आतल्याचं. सुरी लावण्याआधी ती मनाशी सांगायची, आत काय असेल. गर्भाशयातली साधी गाठ कापली की आतून पांढरी, चिवट, लोकरीच्या गुंड्यासारखी वळसे घेतलेली निघते आणि कापलेला भाग लगेच फुगून वर येतो, जणू इतकी वर्षं कोंबून बसवली होती. अशा तिने किती कापल्या याची मोजदाद नव्हती. अंडाशयातल्या गाठी मात्र तिला दरवेळी चकवायच्या. एकीत केसांचा गुंता आणि त्यात एक नीटस दाढ. एकीत घट्ट डिंक, परातभर. एकदा एका बाईच्या अंडाशयात चक्क गळ्यातल्या ग्रंथीचा भाग निघाला. मानेत असते तीच, तांबूस, चकचकीत. डॉक्टर दोन दिवस सगळ्यांना बोलावून ती काच दाखवत होते. आणि एकदा लिंबाएवढी पिवळी गाठ आली, तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: वय अडुसष्ट, वर्षभरात दाढी आली, आवाज घोगरा झाला. काटाबाई त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत वर वॉर्डात जाऊन त्या आजींना बघून आली होती.

हे सगळं घरी सांगायची सोय नव्हती. नवऱ्याला जेवताना तर नाहीच, न जेवतानाही चालत नसे. सासूला मात्र रोज संध्याकाळी ऐकायचं असायचं. तीन वर्षांपूर्वी तिच्या खुब्याचं हाड मोडलं, ते नीट बसलं नाही, आणि तेव्हापासून तिचं जग खिडकी ते बाथरूम एवढंच उरलं. काटाबाई आली की ती विचारायची, "आज काय आलं?" काही विशेष नाही म्हटलं की तोंड पाडायची.

"त्या दाढीवालीचं पुढे काय झालं?" हे तिने आठवडाभर विचारलं होतं.

"दाढी विरळ होत चाललीय. आवाज तसाच राहील म्हणतात डॉक्टर."

"बरं झालं. नवरा ऐकत असेल आता."

स्वतःची गाठ काटाबाईला आधी हातालाच कळली. गेल्या वर्षी मुठीएवढी होती, सोनोग्राफीत साधी म्हणाले, लक्ष ठेवू म्हणाले. या वर्षी पँटचं बटण लागेना आणि दर अर्ध्या तासाला बाथरूम. आडवी पडली की बेंबीच्या खाली ती हाताने चाचपायची, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. वजन साधारण नऊशे ग्रॅम, असा तिचा अंदाज होता. मोठं स्कॅन झालं. त्यात उजव्या अंगाला, गाठीच्या पोटात, एक भाग धूसर दिसत होता.

"बहुतेक रक्तपुरवठा कमी पडून तेवढा भाग विरघळलाय," सर्जनबाई म्हणाल्या होत्या. त्या काटाबाईला वीस वर्षं ओळखत होत्या, त्यांच्याच बरण्या खाली यायच्या. "मोठ्या गाठींत होतं तसं. तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही माझ्याहून जास्त पाहिल्यात."

"आणि बहुतेक नसेल तर?"

"तर ती वाईट असेल. फार क्वचित. आणि ते काढून, कापून बघितल्याशिवाय कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, मलाही नाही." मग त्यांनी दोन्ही मार्ग समजावले. दुर्बिणीतून केलं तर गाठ लहान भोकातून बाहेर येण्यासाठी आतच किसावी लागणार. ती एका प्लास्टिकच्या थैलीत घालून किसतात, म्हणजे पोटात काही सांडत नाही. "बहुतेकींना मी हेच सांगते आणि बहुतेकींसाठी ते बरोबरच असतं. तुमच्या बाबतीत तो धूसर भाग आहे, म्हणून मी पोट उघडायच्या बाजूला थोडी जास्त झुकतेय. पण घरचं बघा तुमचं. तुमच्या सासूबाईंचं मला माहीत आहे."

नवऱ्याने यातलं एवढंच ऐकलं होतं की थैलीत घालून निघते.

रविवारच्या त्या भांडणानंतर सोमवारी काटाबाई लॅबमध्ये गेली ती रजिस्टरांच्या खोलीत. गेल्या दहा वर्षांची रजिस्टरं तिथे होती, त्यातली निम्मी तिच्याच अक्षरात. तिला बघायचंच होतं की क्वचित म्हणजे किती. दोन दुपारी, जेवणाचा डबा बाजूला ठेवून, ती पानं उलटत बसली. गर्भाशयाच्या गाठी म्हणून आलेल्या चार हजार एकशे आणि वर काही. त्यातल्या वाईट निघालेल्या नऊ. त्या नवांपैकी सातांच्या चिठ्ठीवर वरून 'साधी गाठ' असंच लिहून आलं होतं. तुकडे होऊन आलेल्या साधारण सहाशे, त्यात वाईट दोन.

तिने आकडे कागदावर लिहिले आणि बराच वेळ बघितले. आकडे तिच्या बाजूने नव्हते. चार हजारांत नऊ म्हणजे नवऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे काहीच नाही. बाहेरच्या कुणी हे मोजलं असतं तर दुर्बीणच निवडली असती, आणि शहाणपणाचं केलं असतं.

पण त्या नवांतली एक तिच्या हातून गेली होती.

हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पहिल्या दुपारनंतर, सोमवारी संध्याकाळी, सासूला बाथरूममधून खुर्चीवर घेताना. ते एक ठरलेलं काम होतं. सासूच्या कमरेला रुंद पट्टा, तिचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकवायचे, पट्टा धरायचा, तीन म्हणायचं आणि आपल्या अंगावर घेत वळायचं. पाठीने उचललं की संपलं, उचलायचं मांड्यांनी.

"आज काय आलं?" सासूने विचारलं.

"आज नाही. नऊ वर्षांपूर्वी आलं होतं ते सांगते." काटाबाईने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः बाथरूमच्या उंबऱ्यावर टेकली. "एका शाळेतल्या बाईंची गाठ. चाळिशीच्या. दुर्बिणीतून काढलेली. तेव्हा थैली नव्हती, नुसतंच किसायचे. दोन बरण्या भरून तुकडे. पेन्सिलीएवढे जाड, वेडेवाकडे. डॉक्टर म्हणाले, दहा तुकडे घे. कुठले घ्यायचे ते माझ्यावर."

"मग?"

"मऊ तुकडा मेणात नीट बसत नाही, आई. काप काढताना फाटतो, पात्याला चिकटतो. मग काच खराब होते आणि डॉक्टर म्हणतात, हे काय आणलंस. म्हणून हात आपोआप कडक तुकड्यांकडे जातो. चांगले पांढरे, घट्ट. तसे दहा घेतले. सुरेख काचा झाल्या. दहाही साध्या. मऊ होते ते बरणीच्या तळाशी राहिले."

सासूची बोटं कमरेच्या पट्ट्यावर आली.

"आठ महिन्यांनी त्या बाई परत आल्या. पोटभर साबुदाण्यासारखे दाणे. मोठ्या गाठींच्या बरण्या वर्षभर ठेवायची डॉक्टरांची शिस्त होती, म्हणून त्या शेल्फवर होत्या. तळाचे तुकडे काढून मेणात घातले. ते वाईट होते."

"गेली ती?"

"दीड वर्षाने."

"तू मऊ तुकडा घेतला असतास तर वाचली असती?"

"डॉक्टर म्हणाले, नसती. किसताना आत सांडलं होतं ते सांडलंच होतं. आठ महिने आधी कळलं असतं, एवढंच."

"आठ महिने म्हणजे एवढंच नसतं."

"नसतं," काटाबाई म्हणाली.

सासूने कमरेचा पट्टा स्वतःच सोडवला, त्याची गुंडाळी करत राहिली. "आता थैली आहे म्हणालीस."

"आहे. सांडायचं नाही. पण टेबलावर येणार ते तुकडेच. कुठला तुकडा कुठल्या बाजूचा, कड कुठे होती, धूसर भाग कुठे गेला, कोण सांगणार? आणि मी काही तिथे उभी नसणार. जो असेल त्याचा हात कडक तुकड्यांकडेच जाईल. तो वाईट माणूस नसेल, हात तसा जातोच."

"तुझी कडक आहे का मऊ?"

"डावीकडून कडक लागते. उजवीकडे नाही तितकी."

"दाखव."

काटाबाई उंबऱ्यावरून उठून खुर्चीसमोर उभी राहिली. सासूने तिच्या पोटावर कपड्यांवरूनच हात ठेवला, मग दोन्ही. सावकाश दाबून बघितलं, आधी डावीकडे, मग उजवीकडे, शिवणाऱ्या बाईने कापड हातात घेऊन बघावं तसं. "हलते की गं ही," ती म्हणाली. तिचा चेहरा दाढीवाल्या आजींचं ऐकताना व्हायचा तसा झाला होता. "माझ्या पोटात दोन पोरं होती, पण मला कधी असं धड हाताला लागलं नाही."

"पोरं पळतात. ही एका जागी असते."

"नऊशे म्हणालीस?"

"नऊशे. फार तर साडेनऊशे."

सासूने हात काढून घेतले. बाहेर नवऱ्याने दाराशी चपला काढल्याचा आवाज आला, तसा तिने आवाज खाली आणला. "मला तू तिकडे पाठवशील. तुझ्या वन्संकडे."

"कोण म्हणालं असं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? पोट उघडलंस की दुसरं काय करणार? तिच्याकडे तिसरा मजला. बाथरूमला दोन पायऱ्या. आणि ती मला दिवसभर टीव्हीसमोर बसवणार आणि विचारणार, आई, कंटाळा तर नाही ना आला. एकदा मला वर चढवलं की खाली कोण आणतंय? हिचं बरं चाललंय तिकडे, असंच म्हणाल सगळे." ती थांबली. "माझ्यासाठी किसून घेऊ नकोस. पण मला पाठवूही नकोस. दोन्ही म्हणतेय मी. या वयात मला कोण सांगणार, एकच काहीतरी म्हण म्हणून."

मंगळवारी संध्याकाळी नणंद पुन्हा आली. पार्लर लवकर बंद करून आली होती, म्हणजे विषय निकालात काढायलाच. सासूची खुर्ची तिने स्वतः खिडकीपासून ओढून मधे आणली. सासूने रेडिओ आणलाच नव्हता.

"मी आईसाठी एक बाई बघितलीय," नणंद म्हणाली. "पण ती दोनच आठवडे मोकळी आहे. त्यामुळे वहिनी, दोन आठवड्यांचं ऑपरेशन आहे ना, तेच करून टाक. माझं झालं की नाही? किसूनच काढली ना माझी? मला काय धाड भरलीय?"

"तुमची मी बघितली होती," काटाबाई म्हणाली.

"हो, तुमच्याच लॅबमध्ये गेली होती. साधी निघाली. तेच म्हणतेय मी."

"डॉक्टर म्हणाले होते, दहा तुकडे घे. मी सगळे घातले. बरणीत एकही ठेवला नाही. एकसष्ट ब्लॉक झाले. काप काढणारा मुलगा माझ्याशी तीन दिवस बोलत नव्हता."

नणंद तिच्याकडे बघत राहिली. "का पण?"

"तुम्ही होतात म्हणून."

"रिपोर्टला नऊ दिवस लागले होते ते त्यामुळे?"

"त्यामुळे."

"मी तुला फोन करून बोलले होते. तुमची लॅब झोपा काढते म्हणाले होते."

"म्हणाला होतात."

नणंदेने पर्स एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली. तिला पुढे काय बोलायचं होतं ते बहुधा विसरायला झालं. "एकसष्ट," ती आईकडे बघून म्हणाली. सासूने मान डोलावली, जणू हे तिला आधीपासून माहीत होतं. तिला ते माहीत नव्हतं, आणि आपल्याला सांगितलं नाही याचा राग तिच्या ओठांवर स्पष्ट दिसत होता.

"हे बघ," नवरा म्हणाला. त्याने आवाज मऊ केला होता. "तुझी साधीच असेल ना?"

"बहुतेक."

"मग बहुतेक साधी असताना सहा आठवडे?"

"हो."

"म्हणजे नसलेल्या गोष्टीसाठी."

"नसली तर ती नाही हे नक्की कळण्यासाठी. असली तर ती अख्खी बाहेर यावी म्हणून. तुम्ही भिंग घासता, तुम्हाला कुणी फुटलेल्या काचा आणून दिल्या आणि म्हणाले, यातली चूक कुठे होती सांगा, तर सांगाल?"

तो थोडा वेळ विचार करत राहिला. खरंच विचार करत होता, हे त्याच्या अंगठ्यावरून कळत होतं. तो अंगठा पहिल्या बोटावर घासत होता, भिंगाची कड तपासताना करायचा तसा. "नाही," तो म्हणाला. "काच कुठली, कड कुठली, तेच कळणार नाही." आणि मग, हार मानल्यासारखं वाटू नये म्हणून, "पण आईचं काय? माझी कंबर तुला माहीत आहे."

"त्याची कंबर त्याने कधी वापरलीच नाही," सासू कुणाकडेही न बघता म्हणाली.

"आई, मी तुला बाथरूममध्ये कसं नेणार? तुलाच आवडेल का?"

"नाही आवडणार," सासू म्हणाली. "तुझ्या बायकोला पोट कापून घेणं आवडतंय असं वाटतंय का तुला?"

नणंद म्हणाली, "मी नेते ना आईला माझ्याकडे, दीडेक महिना, त्यात काय," पण हे तिने पर्सकडे बघत म्हटलं.

काटाबाई उठली. दुपारीच तिने लॅबमधून वर जाऊन सर्जनबाईंना सांगून टाकलं होतं. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं, ते तिने उभ्यानेच सांगितलं.

"मी तारीख घेतलीय. पुढचा गुरुवार. पोट उघडून, गर्भाशय गाठीसकट अख्खं काढणार. खाली लॅबमध्ये जाईपर्यंत त्याला कुणी सुरी लावायची नाही, हेही चिठ्ठीवर लिहून घेतलंय. घरी आल्यावर सहा आठवडे मी बादलीसुद्धा उचलणार नाही. आई कुठेही जाणार नाहीत. वन्सं, आईंची आंघोळ तुमच्याकडे, पार्लर अकराला उघडा. बाकी तीन वेळचं उचलणं यांच्याकडे. गुरुवारला आठ दिवस आहेत, तेवढ्यात शिकून होतं. अहो, उद्या सकाळी साडेसहाला आईंना तुम्ही उठवणार आहात, मी बाजूला उभी राहून सांगते."

मग ती आत जाऊन पट्टा घेऊन आली आणि नवऱ्याच्या हातात दिला.